अकरा डब्या

हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला नाही, आणि दवाखान्यात ज्याच्या शेजारी बसून पंचवीस वर्षं जेवणाचा डबा खाल्ला त्या शफीभाईलाही नाही. सांगायचं म्हणून तीन-चार वेळा घरातून निघालो — आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या पानटपरीवरून मागं फिरलो. म्हणून या खेपेला कागद घेऊन बसलोय. कागद मध्येच 'जाऊ द्या हो' म्हणत नाही. फाडता येतो म्हणा. पण फाडणार नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच झालं. ओळखीचा माणूस समोर असला की माझं बोलणं आपोआप गोड होतं. गोड बोलण्यावरच माझी अर्धी नोकरी झाली. तुमच्याशी तसं बोलायचं नाही असं ठरवून बसलोय — मध्येच गोड वाटायला लागलो तर समजा, की मी काहीतरी टाळतोय.

जालना जिल्हा नवानवा झाला होता, त्या दिवसांत मी छातीच्या दवाखान्यात लागलो. क्षयाचे पेशंट, दम्याचे पेशंट, धुरळ्यानं छाती भरलेले पेशंट. कागदावर माझं पद हेल्थ व्हिजिटर. गावोगाव मला म्हणायचे थुंकीवाले साहेब. आधी राग यायचा, मंग सवय झाली. काम साधं होतं. क्षयाच्या पेशंटच्या घरी जायचं, गोळ्या चालू आहेत का बघायचं, आणि ठरलेल्या महिन्यात त्याची सकाळची थुंकी डबीत घेऊन दवाखान्यात आणायची. थुंकी म्हणजे लाळ नव्हे — खोलवरून खोकून काढलेला बेडका. उठल्याउठल्या, चहापाण्याच्या आत. शफीभाई लॅबमध्ये तो काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. जंतू दिसले तर पॉझिटिव्ह, नाही दिसले तर निगेटिव्ह. माणूस बरा झाला की नाही, ते त्या काचेवर ठरायचं.

एक नियम होता. पेशंटचं नाव डबीवर लिहायचं, झाकणावर कधीच नाही. झाकणं अदलाबदल होतात, आणि मंग एकाची थुंकी दुसऱ्याच्या नावावर जाते. हे मला आमच्या मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढं मी स्वतः कित्येक नव्या माणसांना तेच शिकवलं — बोट उगारून, जरा आवाज चढवून. असं शिकवायचा मला किती हक्क होता, ते आता कळेलच तुम्हाला.

मोठे डॉक्टर म्हणजे सबनीस डॉक्टर. किडकिडीत माणूस, बोलणं सावकाश, दुपारी भाकरी-ठेचा खाऊन पंधरा मिनिटं खुर्चीतच डोळे मिटणार. आणि एक वेड. त्यांना लिहायचं होतं. पेशंटवरून जे दिसतं ते नीट मांडून, तपासून, मोठ्या मासिकात छापून आणायचं होतं. लोक हसायचे. स्टोअरचा माणूस तर तोंडावर म्हणायचा, "दवाखान्यात सलाइनला स्टँड न्हाई आन साहेब निबंध लिहून राह्यलेत." डॉक्टर चिडायचे नाहीत. ते म्हणायचे, सगळी पुस्तकं तिकडून इकडं येतात, एखादं पान इकडून तिकडं जाऊ द्या की. मला ते फार आवडायचं. खरं सांगतो — त्या माणसानं 'शाबास भास्करराव' म्हटलं की मला दिवसभर दुसरं काही लागायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. नाही — आधी पिशवीचं सांगावं लागेल, नाहीतर काहीच समजायचं नाही.

आमचे कितीतरी पेशंट ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यावर, ते थेट उन्हाळ्यात परत. मधल्या महिन्यांत गोळ्या बंद. अर्धवट गोळ्या म्हणजे रोग पुन्हा उलटणार, आणि उलटला की पहिल्याहून वाईट. सगळे डॉक्टर त्यांना शिव्या घालायचे — हे लोक गोळ्या खातच नाहीत. सबनीस डॉक्टरांनी शिव्या घातल्या नाहीत, विचार केला. ऊसतोड करणाऱ्याला तारीख विचारली तर सांगता येणार नाही, पण बाजाराचा वार तो झोपेतून उठवला तरी सांगेल. मंग त्यांनी खाकी कापडाची एक लांब पट्टी शिवून घेतली. तिला कप्पे. एका कप्प्यात या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंतच्या गोळ्या. बाजार झाला की पुढचा कप्पा उसवायचा. पट्टी गुंडाळली की पिशवी झाली. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या पाचटाच्या झोपडीत, टांगून ठेवायची. साधी गोष्ट. पण मला आजही वाटतं, त्या डोक्याला तोड नव्हती.

त्या दसऱ्याला आम्ही ऊसतोडीच्या सगळ्या पेशंटना पिशव्या दिल्या. उन्हाळ्यात ते परत आले की थुंकी तपासायची. जंतू गेले असतील तर पिशवी चालते, नसतील गेले तर नाही चालत. डॉक्टर त्याच्यावर लेख लिहिणार होते. लेख कसला, त्यांचा सगळा जीवच त्यात होता.

उन्हाळा आला. मी डब्या घेऊन निघालो. भोकरदनकडची गावं, जाफराबादकडची, अंबडकडची. बहुतेक डब्या मी खऱ्या आणल्या, उन्हातान्हात फिरून आणल्या. हे स्वतःची बाजू मांडायला सांगत नाही. आकडा बराबर राहावा म्हणून सांगतोय. अकरा राहिल्या. अकरा माणसं काही केल्या सापडेनात. कुणाच्या दाराला कुलूप, कुणी परस्पर दुसऱ्या कामाला गेलेलं, कुणी आलंय पण आज लग्नाला गेलंय. डॉक्टर म्हणाले, "भास्करराव, एवढे अकरा सुटले तर लेख पडला. जे सापडले नाहीत तेच आजारी असतील, असं कुणीही म्हणेल. आणि बरोबर म्हणेल." माझ्या खांद्यावर हात ठेवला. आठ दिवस दिले.

त्या अकरांत हसनाबादची रुख्मिनबाई होती. तिशीची बाई, अंगानं काडी, पण बोलायला खणखणीत. दसऱ्याला पिशवी घेताना तिनं कप्पे मोजून घेतले होते आणि एक कमी भरला म्हणून सिस्टरशी भांडली होती. मी हसनाबादला गेलो तर ती नव्हती. तिची जाऊ दारात येऊन म्हणाली, "ती अंकुशनगरलाच राह्यली. उसाच्या खुरपनीला. भाऊ आले तं तिकडंच या म्हना, म्हन्ली. कारखान्याच्या स्टँडच्या मागं कोपी हाय." इतका स्वच्छ पत्ता मला क्वचितच मिळाला असेल.

दुसऱ्या दिवशी मी जालन्याच्या स्टँडवर उभा होतो. अंबडवरून अंकुशनगरला जाणारी बस लागली. मी पाहिली. कंडक्टरनं हाळी दिली. खांद्यावरच्या पिशवीत अकरा रिकाम्या डब्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं — डबीवर, झाकणावर नाही. आणि मी त्या बसमध्ये चढलो नाही.

का? तुम्हाला वाटेल काही मोठं कारण असेल. आजारपण, घरचं संकट. नाही हो. टेंभुर्णीला माझ्या चुलत मेहुण्याचं लग्न होतं. हळद होती त्या दिवशी. बायको दोन दिवस आधीच गेली होती, आणि मी गेलो नाही तर सासरचे तोंड वाकडं करतील. अंकुशनगरला जाऊन-येऊन दिवस गेला असता. मी टेंभुर्णीच्या बसमध्ये चढलो. खिडकीची जागा मिळाली.

हळदीला मी मिरवलोसुद्धा. आमचा लेख परदेशात छापून येणार, असं मांडवात चार जणांना सांगितलं. लोकांनी मला पाट दिला, वरून तूप वाढलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे मांडवात गडबडीत असताना, मी सासऱ्याच्या घरामागं लिंबाखाली गेलो. मी बिडी ओढायचो. छातीच्या दवाखान्यात नोकरी आणि बिडी — असला मी. सकाळी मला खोकला यायचाच. पिशवीतून एक डबी काढली. नाव वाचलं. खोकलो, आणि डबीत थुंकलो. झाकण लावलं. मंग दुसरी काढली.

एका सकाळी सहा झाल्या. पाच उरल्या त्या लग्नाच्या दिवशी सकाळी.

झालं. हेच ते. इतकी वर्षं हे एवढं वाक्य तोंडातून निघत नव्हतं — त्या अकरा डब्यांमधली थुंकी माझी होती.

घाईत केलं, डोकं ठिकाणावर नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मी विचार करून केलं. कशात जास्त, कशात कमी, म्हणजे सगळ्या एकसारख्या दिसू नयेत. दोन डब्यांत थोडी नुसती लाळ घातली, कारण काही पेशंट तशीच देतात. शफीभाईनं झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाला, "वा, भास्करभाऊ, याला म्हनतात माल. बाकीचे नुसती लाळ आनून देतात." त्याचं काम त्यानं चोख केलं. काचा केल्या, रंग दिला, एकेक काच घटकाभर पाहिली. अकराच्या अकरा निगेटिव्ह. माझ्यात जंतू नव्हतेच, तर दिसणार कुठून? त्यानं खरं लिहिलं. डॉक्टरांनी खरं मानलं. त्या सगळ्या दवाखान्यात खोटं बोलणारा मी एकटा.

डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. लेख गेला.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं, असं मला पूर्वी वाटायचं. एक लबाडी केली, लेखात गेली, कुणाचं काय बिघडलं? पण गोष्ट इथं थांबली नाही. मी ती इथं थांबू दिली नाही, असं म्हणायला हवं.

पोळ्याच्या सुमारास रुख्मिनबाई दवाखान्यात आली. खोकला, धाप, छातीत घरघर. डॉक्टरांनी तिचं कार्ड काढलं. थुंकी निगेटिव्ह, तीनच महिन्यांपूर्वीची. क्षय गेलेला, छातीवर त्याचे जुने वण राहिलेले, त्यावर दमा — असं त्यांनी धरलं. दम्याच्या गोळ्या लिहिल्या. गोळ्या खिडकीतून मीच काढून दिल्या. कशा घ्यायच्या ते समजावलं. गोड आवाजात.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनी पुन्हा तपासायला हवं होतं. असेल. ते मी म्हणणार नाही. मला तो हक्क नाही.

ती पुन्हा आली. पुन्हा आली. प्रत्येक वेळी थोडी अजून वाळलेली. मला माहीत होतं ना. त्या कार्डावरचा शब्द माझ्या छातीचा होता, तिच्या नव्हे, हे अख्ख्या दुनियेत मला एकट्याला माहीत होतं. 'डॉक्टर, एकदा थुंकी परत बघू या' — एवढंच म्हणायचं होतं. कबुली द्यायचीही गरज नव्हती. नुसतं सुचवायचं. पण मला वाटायचं, पॉझिटिव्ह निघाली तर डॉक्टर विचारतील, असं कसं झालं, आणि मंग बाकीच्या दहांनाही बोलावतील. म्हणून मी गप्प. दसरा होऊन गेला तरी गप्प. शेवटी तिच्या पदरावर रक्त पडलं, तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच थुंकी घेतली. शफीभाई मायक्रोस्कोपवरून उठून बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब, ये तो पूरी भरी हुई है."

तिला वॉर्डात घेतलं. आणि तिथं मी जे केलं ते डब्यांहून वाईट आहे. ते टाळत-टाळत इथवर आलो.

मी तिच्या कॉटजवळ गेलो होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्या टायमाला थुंकी घ्यायला आलेच न्हाईत. म्या वाट पाहून राह्यली होती." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं, पिशवीतल्या गोळ्या खाल्ल्या होत्या का. ती म्हणाली, "अर्ध्या मंदाच्या बापाला दिल्त्या. त्यालाबी खोकला होता. समोर मानूस खोकून राह्यला आन एकटीनं कशा खायच्या?"

ऐकलंत? पिशवीत खोट कुठं होती, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. कप्पे वेळेवर रिकामे होत होते, पण दोन तोंडांत. आमच्या अख्ख्या अभ्यासातली खरी कामाची गोष्ट तीच होती. डॉक्टरांना ती कळली असती तर त्यांनी त्याच दिवशी नवऱ्याला तपासलं असतं, पिशवी बदलली असती, लेख परत मागवला असता. आणि त्यासोबत हेही कळलं असतं, की त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेलोच नव्हतो.

मी तिच्या कॉटवर बसलो आणि म्हणालो, "अक्का, हे डॉक्टरांना सांगू नका बरं. गोळ्या वाटून खाल्ल्या म्हटलं तर रागावतील. थुंकीचंही नका काढू." ती म्हणाली, "न्हाई सांगत." आणि तिनं सांगितलं नाही. मला सांभाळून घेतल्यासारखी मान हलवली तिनं. संक्रांतीच्या आधी ती गेली.

तिचा नवरा पायरीवर बसला होता. डॉक्टर बाहेर आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चूक माझी झाली. मी कार्डावर विसंबलो." मी बाजूलाच होतो. ते कार्ड माझ्या हातात होतं. मी ते उलटं धरलं आणि खाली बघत राहिलो.

लेख अजून छापून यायचा होता. डॉक्टर असे सरळ, की त्यांनी मासिकाला कळवून त्यात एक ओळ वाढवली: बरी झालेली एक रुग्ण पुन्हा आजारी पडली आणि दगावली. त्यांनी आपल्या बाजूनं खरं केलं. पण ती ओळसुद्धा खोटी होती, कारण ती बरी झालीच नव्हती. तिचा नवरा पुढच्या वर्षी खोकत आला. त्याला वेळेत औषध मिळालं, तो वाचला. हे मी फार दिवस स्वतःला सांगत होतो — तो वाचला ना.

मंग लेख छापून आला, आणि पोस्टकार्डं यायला लागली. त्या काळी असंच होतं — कुणाला लेख वाचायचा असेल तर तो लेखकाला कार्ड टाकायचा, एक प्रत पाठवा म्हणून. परदेशी तिकिटांची कार्डं आमच्या दवाखान्यात. स्टोअरचा माणूससुद्धा हातात घेऊन उलटीपालटी करून बघायचा. प्रती पाकिटात घालून पोस्टात टाकायचं काम माझ्याकडं. डॉक्टरांनी एक वही केली. कुणी आपल्या लेखात आमच्या लेखाचा उल्लेख केला, की त्याचं नाव, गाव, पत्ता त्यात. वही भरत गेली. कुठं वीटभट्टीवरच्या मजुरांना पिशव्या दिल्या, कुठं चहाच्या मळ्यांत, कुठं मेंढपाळांना. जालन्याच्या दवाखान्यात सिद्ध झालंय, असं म्हणून दिल्या. तिथल्या झोपड्यांतही गोळ्या दोघांत वाटून खाल्ल्या गेल्या असतील का? मला माहीत नाही. अकरा खऱ्या डब्या आल्या असत्या तर कदाचित कळलं असतं.

डॉक्टरांनी मात्र त्यानंतर मोठं काही लिहिलंच नाही. एक-दोन बारके लेख, तेही तरुण डॉक्टरांच्या आग्रहावरून. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला डोळ्यांसमोरचं दिसलं नाही, मी काय लिहू?" ते कशाबद्दल बोलतात हे बाकी कुणाला कळायचं नाही. मला कळायचं. मी त्यांना चहा आणून द्यायचो.

मी निवृत्त झालो, ते तर माझ्या कितीतरी आधी झाले. आणि मध्यंतरी दवाखान्यातून बोलावणं आलं. नव्या मॅडम आल्यात, हुशार बाई. तपासणीची कमिटी येणार म्हणून दवाखान्यानं आजवर काय संशोधन केलं, किती लेख, ते जगात किती जणांनी वापरले, याची त्या यादी करत होत्या. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवून म्हणाल्या, "काका, बघा. बाकी सगळ्या लेखांचे मिळून जेवढे उल्लेख, त्याहून या एकाचे जास्त. अजूनही होतायत. आभारात तुमचं नाव आहे. कमिटीसमोर तुमचा सत्कार करायचाय." पडद्यावर माझं नाव इंग्रजीत होतं. मी त्याच्याकडं पाहिलं आणि घसा मोकळा करून म्हणालो, "मॅडम, दार लावून घ्या." पानटपरीवरून मागं फिरायला या वेळी टपरीच नव्हती.

मॅडमनी सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. एवढंच विचारलं, "लिहून द्याल? सहीनिशी?" म्हटलं, देतो. मासिकाकडं जाणारं इंग्रजी पत्र त्या करतील, त्यावर माझी सही असेल. पण ते पत्र चार ओळींचं असणार आणि त्यात रुख्मिनबाई मावणार नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय.

मंग औरंगाबादला सबनीस डॉक्टरांकडं गेलो. ऐंशीच्या पुढं गेलेत. नजर कमी झालीय, कान शाबूत आहेत. मी खुर्चीत न बसता उभ्यानं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मंग विचारलं, "रुख्मिनची डबी त्यात होती?"

"होती."

त्यांनी डोळे मिटले. दुपारी खुर्चीत मिटायचे तसे नाही. मंग उठले, भिंतीला धरून आत गेले आणि ती वही घेऊन आले. माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सगळ्यांना कळवावं लागेल. पत्ते यात आहेत." बस. मला चहा विचारला नाही. त्या घरातून मी कधी चहा न घेता बाहेर पडलो नव्हतो. वही आता माझ्या टेबलावर आहे. रोज काही पत्रं जातात, आणि गेलेल्या नावापुढं मी खूण करतो. काही माणसं मेली असतील, काही दवाखाने बंद झाले असतील. तरी पत्र टाकणार. वही संपेपर्यंत टाकणार.

एक काम मात्र पत्रानं होण्यासारखं नव्हतं. रुख्मिनबाईची मुलगी मंदा अंकुशनगरलाच दिलीय. मागच्या सोमवारी मी जालन्याच्या स्टँडवर गेलो आणि अंबडवरून जाणारी ती बस धरली. दोन-अडीच तास लागले. एवढंच अंतर होतं.

मंदा आता आईच्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं — बस, लग्न, डब्या, दम्याच्या गोळ्या, वॉर्डात तिच्या आईचं तोंड कसं बंद केलं ते. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. संपल्यावर म्हणाली, "म्या तव्हा आईसंगंच होते."

तांदूळ निवडता निवडताच ती पुढं सांगत राहिली.

"तुमी येनार म्हनून ती सकाळी च्या प्यायची न्हाई. च्याच्या आंदी थुंकी द्या लागती, म्हनायची. जालन्याची बस यायची मंग स्टँडवर जाऊन पाहून यायची. तुमी न्हाई दिसले की मंग प्यायची." तिनं सूप बाजूला ठेवलं. "धा-बारा दिवस तं गेलती बराबर."

जालन्याची पहिली बस अंकुशनगरला साडेनऊला पोचते. मी परत येताना कंडक्टरला विचारून घेतलं. त्या वेळीही तीच वेळ होती.